प्रोसेसर पुसायचं कोरं कापड

बसा. चहा होतोय तोवर एकदाचं सांगून टाकतो. गावात या गोष्टीच्या सतरा आवृत्त्या फिरताहेत आणि एकीतही माझी अब्रू शिल्लक नाही. खऱ्या आवृत्तीतही नाही म्हणा, पण निदान ती खरी आहे. फक्त एक अट आहे. हसायचं तर शेवटी हसा. मधेच कोणी फिसकन हसलं तर मी तिथेच थांबेन.

मी म्हसावदला प्राथमिक शाळेत शिकवतो. गाव मला 'सर' म्हणतं. दिलीप हे माझं नाव आता फक्त दोघं वापरतात. एक आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, वय वर्षं ब्याऐंशी. दुसरी माझी थोरली बहीण, सुमनताई. ती खांडबाऱ्याला दिलेली. बाकी गाव अहिराणी बोलतं, मी मात्र घरीदारी शाळेचीच भाषा बोलतो. सवय! आप्पा म्हणतात, "तू जेवाले बस सांगस तरी माले वाटस, परीक्षा शे."

तर झालं असं. सुमनताईच्या पल्लवीचा साखरपुडा ठरला. रविवारी, दुपारी साडेबाराला, खांडबाऱ्याला. मुलाकडचे आपल्या शहाद्याचेच. सगळं छान जुळून आलं होतं. अडचण एकच, आप्पा. तीन महिन्यांपूर्वी मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, घरातल्या घरात टकटक करत फिरू लागले. पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं, गाडीचा लांबचा प्रवास अजिबात नको. खांडबारा म्हणजे प्रकाशा गावाजवळचा पूल ओलांडून, नंदुरबार मागे टाकून, अडीच तासांचा रस्ता. त्यातले खड्डे मी तुम्हाला काय सांगू!

आणि पल्लवी म्हणजे आप्पांचा जीव. चौथीपर्यंत ती आमच्याकडेच शिकली. आप्पांच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून शाळेत यायची. आप्पा एकदाच म्हणाले, "माले नातना साखरपुडा दखना शे." मग गप्प. दुसऱ्यांदा म्हणाले असते, चिडले असते, तर मी वाद घातला असता. गप्प माणसाशी काय वाद घालणार?

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही बघणार. मी दाखवणार. कॉम्प्युटरवर, अगदी समोर बसल्यासारखं."

मोबाइलवर का नाही, असं विचाराल. आप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मोबाइलवर त्यांनी मागे एकदा ताईला पाहिलं आणि तिला तिच्या सासूची तब्येत विचारली, कारण त्यांना वाटलं की समोर विहीणबाई आहेत. म्हणून मोठा पडदा हवा. माझा मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हापासून त्याचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत पडून होता. झालं तर मग! मी गावभर सांगत सुटलो. मगनशेठच्या दुकानात, पारावर, शाळेत. "रविवारी या, आमच्याकडे साखरपुडा दाखवणार आहे." हे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्याने माझा पुढे घात केला.

शनिवारी तालीम घेतली. बायको आदल्या दिवशीच खांडबाऱ्याला गेली होती. तिकडून तिने फोन जोडला, पडद्यावर पल्लवी आली. आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले. "कशी शे माय?" म्हणाले. ती हसली, काहीतरी बोलणार, तेवढ्यात पडदा काळा. परत चालू केला. दहा मिनिटांनी परत काळा. तिसऱ्यांदा आप्पांनी वॉकर धरला आणि उठले.

"ऱ्हाऊ दे, दिलीप," म्हणाले. "नशीबमा नही."

मला ते लागलं हो. फार लागलं. तीस वर्षं पोरांना 'प्रयत्न करा' शिकवणारा माणूस मी, आणि माझ्या बापाने माझ्यासमोर 'ऱ्हाऊ दे' म्हणावं?

मी व्हिडिओ पाहिले. रोग सापडला. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं म्हणा, काम करताना तापतो. त्याच्यावर पंखा आणि धातूची जाळी बसवलेली असते. दोघांच्या मधे मलमासारखा एक लेप, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. लेप जुना होऊन वाळला की उष्णता वर जात नाही आणि कॉम्प्युटर जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो. उपाय काय? जुना लेप पुसायचा, नवा लावायचा. वीस मिनिटांचं काम. मी शनिवारी संध्याकाळी शहाद्याला जाऊन लेपाची नळी घेऊन आलो.

रविवारी सकाळी सात वाजता आप्पांची आंघोळ झाली. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी, कपाळाला गंध. साडेबाराच्या कार्यक्रमाला सातला तयार! मी म्हटलं, "आप्पा, जरा पडा. वेळ आहे." ते टोपीसकट मागच्या खोलीत आडवे झाले. धूळ नको म्हणून मी दार ओढून घेतलं.

मग कॉम्प्युटर उघडला. पंखा धरला आणि ओढला. खट्!

आता ऐका. व्हिडिओत सांगितलं होतं की पंखा काढण्याआधी कॉम्प्युटर थोडा चालवून गरम करा, लेप मऊ होतो, मग हलके पिळून काढा. ते वाक्य मी नंतर ऐकलं. मी थंडच उपसला. पंख्याबरोबर प्रोसेसरही मुळासकट वर आला. त्याला खाली शेकडो बारीक पाय असतात, टाचणीपेक्षा नाजूक. त्यातले तीन वाकले. पंखा हातात, त्याला चिकटलेला प्रोसेसर, आणि घड्याळात पावणेनऊ.

सुरीच्या टोकाने अलगद सुटा केला. आता वाळलेला लेप पुसायचा तर स्पिरिट लागतं. गावातलं मेडिकल रविवारी अकराला उघडतं. कोरोनातली सॅनिटायझरची बाटली माळ्यावर होती. काढून पाहिली तर आत चिकट लापशी झालेली. पुसायला जुना बनियन घेतला, तर त्याचे धागे त्या पायांत अडकायला लागले. मी मान खाली घातली, शांतपणे विचार केला आणि यादी केली. मी यादी केल्याशिवाय काही करत नाही. धागे न सुटणारं कोरं कापड. कापूस. स्पिरिटऐवजी अत्तर, कारण अत्तरात स्पिरिट असतं असा माझा समज. वायरी बांधून बाजूला धरायला सुतळी. आणि स्क्रू ठेवायला मातीचं बोळकं. स्टीलची वाटी का नाही? तर व्हिडिओवाला म्हणाला होता, धातूपासून सांभाळा! मी म्हटलं, धोका कशाला?

या यादीत तुम्हाला काही खटकलं? मला नाही खटकलं. तिथेच तर सगळं आलं.

मगनशेठचं दुकान आमच्या घरापासून पन्नास पावलांवर. काय नाही त्याच्याकडे! किराणा, कापड, पूजेचं, आणि जे कोणी मोठ्याने मागत नाही तेही. मी गेलो. दाढी वाढलेली, रात्री व्हिडिओ पाहून डोळे लाल, चेहऱ्यावर तीन वाकलेल्या पायांचं दुःख.

"शेठ, पांढरं कापड द्या. कोरं पाहिजे."

मगनशेठ गहू मोजत होता. त्याचा हात थांबला.

"कापसाचा एक गठ्ठा. अत्तराची बाटली. सुतळी. आणि मातीचं एक बोळकं."

त्याने माप खाली ठेवलं. मागच्या फळीवरून घडी केलेलं कापड काढलं, आधीच मापाने कापून ठेवलेलं, चांगलं लांबलचक.

मी म्हटलं, "अहो, एवढं कशाला? हातभर पुरे."

"लागस, सर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हातभरमा काय व्हस?"

मला वाटलं, त्याला कॉम्प्युटरची माहिती दिसतेय. मी म्हटलं, "बरं. जरा लवकर बांधा. आप्पा घरात एकटे आहेत."

हे ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. एकटे! लगबगीने त्याने पुडकं बांधलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. एरवी गिऱ्हाईक निघालं की मगनशेठ "या बरं का!" म्हणतो. पोराला गोळी दिली तरी म्हणतो. त्या दिवशी म्हणाला नाही. अशा सामानाच्या गिऱ्हाइकाला 'या' म्हणत नाहीत आपल्याकडे. आणि 'कोण?' असंही विचारत नाहीत. सामानच सांगतं सगळं. हे मला माहीत नाही का? चांगलं माहीत आहे. मी स्वतः पाळतो. पण त्या घडीला माझ्या डोक्यात फक्त प्रोसेसर होता.

घरी आलो. बायकोचे फोन सुरूच. "आप्पांना गोळी दिली का? आप्पांनी खाल्लं का?" फोन आला की व्हिडिओ थांबतो. म्हणून व्हिडिओ उतरवून घेतला आणि फोनवरचं विमानाचं चित्र असलेलं बटण दाबलं. शांतता. आप्पांचाही एक बटणांचा फोन आहे, पण तो उशीखाली असतो आणि उशीखालीच वाजून वाजून गप्प होतो, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

कापड फाडलं, कापसावर अत्तर ओतलं, पुसायला लागलो. अत्तर तेलकट निघालं! लेप निघेना, नुसता पसरला. बोटं राखाडी, मनगटं राखाडी, कपाळावर घाम पुसला तर कपाळही. घरभर हिना दरवळला. वासाने माझ्या डोळ्यांतून धारा.

तेवढ्यात ओट्यावर पावलं वाजली. शेजारचे हिरालालकाका. डोक्यावर उपरणं घेऊन उंबऱ्यात उभे. वैशाखाचं ऊन ते, कोणीही डोकं झाकेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळाला राख, डोळ्यांत पाणी, हातात अत्तराचा कापूस.

"सर," म्हणाले, "घाबरू नका. आम्ही शेतस."

मी म्हटलं, "घाबरलोय खरा, काका. पण होईल. अर्ध्या तासाचं काम आहे."

काका चमकले. "मान्सं बलावू का?"

"नको, नको! मी एकटा करतो."

"एकलाघाई कसं व्हई, भो? चार जन ते लागतीनच."

मला रागच आला. एवढ्याशा प्रोसेसरला चार जण? मी म्हटलं, "काका, चार जणांनी हात लावला तर उरलेले पायही वाकतील. तुम्ही ओट्यावर बसा. चहा ठेवू का?"

काका दोन पावलं मागे सरले. दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत, आणि हा चहा विचारतोय! "नको, सर, नको," असं कसनुसं म्हणून ते बाहेर गेले आणि दुकान बंद करून आलेल्या मगनशेठजवळ कुजबुजले. मला नंतर कळलं काय कुजबुजले ते. "मास्तरना डोकावर परिणाम व्हयना शे. एकला सोडू नका." आणि मग शेजारधर्म म्हणून त्यांनी खांडबाऱ्याला माझ्या दाजींना फोन लावला.

ओटा भरू लागला. एक, दोन, पाच, बारा. पुरुष खुर्च्या मांडून ओळीने बसले, माना खाली, डोक्यावर रुमाल. बायका पडवीत, पदर तोंडाला. कोणी बोलेना. मी खिडकीतून पाहिलं आणि मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, साखरपुडा बघायला आलेत! गावभर आमंत्रण दिलं होतं ना मी. साडेबाराच्या कार्यक्रमाला दहा वाजता जागा धरून बसलेत बिचारे, आणि किती शिस्तीत! माझं मन भरून आलं. मी दारात येऊन हात जोडले.

"आलात, फार बरं वाटलं," मी म्हणालो. "थोडा वेळ लागेल. आप्पांना तयार करून ठेवलंय. सगळ्यांना दिसेल, गर्दी करू नका."

पडवीतून एक हुंदका आला. मी म्हटलं, बायका हळव्या असतात.

वाकलेले तीन पाय मी कोऱ्या ब्लेडने एकेक सरळ केले. श्वास रोखून. ते काम मला जमलं, हे तुम्ही कबूल करा. लापशी झालेल्या सॅनिटायझरने अत्तर काढलं, कोऱ्या कापडाने पुसलं. प्रोसेसर आरशासारखा लख्ख! आता बसवायचा, नवा लेप, पंखा, की झालं.

इतक्यात दारात दोन गाड्या थांबल्या. उतरले कोण? नाना! नाना म्हणजे पल्लवीचे होणारे सासरे, शहाद्याचे मोठे केळीवाले. मागे त्यांच्या घरची मंडळी, नवरा मुलगा, साखरपुड्याचे भटजी. सगळे भरजरी कपड्यांत. खांडबाऱ्याला निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्यांना दाजींचा फोन गेला होता. म्हसावद जवळ, म्हणून होते तसेच आधी इकडे आले. मला यातलं काहीही माहीत नाही. मला वाटलं, वा, काय खानदानी माणसं! आधी आजोबांचा आशीर्वाद, मग साखरपुडा!

नाना हात पसरून पुढे आले आणि त्यांनी मला मिठी मारली. आता व्याही भेटले की गळाभेट होतेच. मीही कडकडून मिठी मारली, पाठ थोपटली, हसून म्हणालो, "आमचं भाग्य, नाना! आम्ही तर कधीपासून या दिवसाची वाट पाहत होतो!"

नाना माझ्या मिठीतच ताठ झाले. त्यांच्या मोतिया रेशमी कुडत्याच्या पाठीवर माझे दहाच्या दहा राखाडी ठसे उमटले. ते मागे सरले आणि हिरालालकाकांकडे पाहू लागले. काकांनी डोक्याजवळ हात नेऊन हळूच मान हलवली. नाना गुपचूप ओळीत जाऊन बसले.

आणि मग ते झालं.

मागच्या खोलीत आप्पांना जाग आली. अत्तराच्या वासाने आली, असं ते म्हणतात. मी परत प्रोसेसरवर वाकलेलो, माझं लक्ष नाही. आप्पा मागच्या दाराने निघाले, बोळातून टकटक करत पुढे आले. ओट्यावर पाहतात तर माणसं खाली माना घालून बसलेली. आयुष्यभराची सवय हो! आप्पांनी टोपी काढली, खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं आणि ओळीच्या शेवटच्या रिकाम्या खुर्चीवर गप बसले. शेजारी मगनशेठ. पहाटे पाचला दुकान उघडणारा माणूस, त्याला डुलकी लागलेली.

थोडा वेळ आप्पाही मान खाली घालून बसले. मग त्यांनी मगनशेठला कोपराने ढोसलं.

"कोन गयं रे, भो?"

मगनशेठ डोळे न उघडताच म्हणाला, "आप्पा गयात."

"कोनता आप्पा?"

"आपला सरना आप्पा. दुसरा कोन?"

आप्पांनी विचार केला. मग विचारलं, "कवय?"

"सकायमाच."

"आसं?" आप्पा म्हणाले. "माले ते कोनी सांगंच नही!"

तो आवाज ओळखीचा! मगनशेठने डोळे उघडले. बाजूला वळला. त्यानंतर त्याने जी आरोळी ठोकली ती म्हणे बाजारपेठेपर्यंत ऐकू गेली. खुर्चीसकट मागे पडला. पडवीतल्या बायका किंचाळल्या. हिरालालकाका ओट्यावरून खाली उतरले, म्हणजे उडी मारली त्यांनी, वयाच्या सत्तराव्या वर्षी. मी धावत बाहेर आलो, हातात कापूस.

"काय झालं? काय झालं?"

आप्पांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. माझं कपाळ, माझे हात, कापूस, दारातून दिसणारं कोरं कापड, मातीचं बोळकं. एकेक करून सगळं पाहिलं. आणि इतक्या लोकांत त्यांना एकट्यालाच सगळा उलगडा झाला.

"दिलीप," म्हणाले, "तू काय सामान लई उना, बेटा?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि सांगता सांगता मलाच समजत गेलं. माझी शाळेची भाषा कुठच्या कुठे पळाली. "माय वं!" मी म्हटलं. "आते काय करू?"

धावत जाऊन फोन काढला, विमानाचं बटण बंद केलं. सत्तेचाळीस फोन येऊन गेलेले! बायकोला लावला. तिने उचलला आणि मला बोलूच देईना. "आम्ही प्रकाशाच्या पुलावर आहोत, तुम्ही धीर धरा, ताई शुद्धीवर नाही, पल्लवीने काही खाल्लेलं नाही, आप्पांचं शेवटचं दर्शन..." मी ओरडलो, "आप्पा जिवंत आहेत!" तर ती रडत म्हणाली, "हो, हो, आपल्या मनात ते जिवंतच राहणार." बघा! मग आप्पांनीच माझ्या हातातून फोन घेतला.

"सूनबाई, मी बोली ऱ्हायनू. सुमनले सांग, पानी पी. आन गाडी हळू चालवा म्हना."

पलीकडे नुसता हॉर्न वाजत होता.

तासाभराने गाडी आली. ताई शालूत, गजरा लोंबकळलेला, डोळे सुजलेले. आप्पा ओट्यावर वॉकर धरून उभे होते. ताईने पाहिलं, खाली बसली आणि तिने आप्पांचे पाय घट्ट धरले. पल्लवी मात्र लहान पोरीसारखी हमसून रडली. आप्पा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मला तेव्हा खरोखर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. यात हसण्यासारखं काही नाही. बहिणीचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मी माफी मागायला पुढे गेलो. ताई उठली आणि तिने भर ओट्यावर, तीस वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाला, थाडकन थोबाडीत दिली. चौथीत दिली होती त्यानंतर तीच.

मग सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मुहूर्त टळत चाललेला. परत खांडबाऱ्याला कोण जाणार? हिरालालकाका चाचरत म्हणाले, "आप्पा, पन आठे लोके दुखवटाले बसेल व्हतात. चाली का?"

आप्पा खेकसले, "ज्याना दुखवटा तोच सांगी ऱ्हायना, चाली! मराना पत्ता नही, ते सुतक कसानं?" मग नानांकडे वळले. "काय, व्याही?"

नाना हसले. पाठीवर माझे दहा ठसे घेऊन हसले, मोठा माणूस. "साडी गाडीमा शे, पेढा शेत, भटजी शे, पोरगा शे," म्हणाले. "आजून काय पाहिजे?"

अहो, मग काय सांगू! सुतळीला आंब्याची पानं बांधली. उरलेल्या कापसाच्या वाती झाल्या. जे अत्तर मी प्रोसेसरला चोळत होतो, तेच मगनशेठ पाहुण्यांच्या मनगटांना लावत फिरला. डुलकीचा दंड म्हणून हे काम आप्पांनी त्याला दिलं. रडायला आलेलं गाव पेढे खाऊन गेलं, आणि जाताना प्रत्येक जण मुद्दाम मोठ्याने "येतो हं!" म्हणून गेला. आप्पा पहिल्या खुर्चीवर. दोन हातांवर नात. साडी नेसून आली, पाया पडली, तेव्हा त्यांनी मोतीबिंदूचा डोळा चोळून चोळून तिला पाहिलं. कॉम्प्युटरवर ती इतकी दिसली असती का, सांगा?

आणि मी? मी आत होतो. मला वाटत होतं, इतकं केलं तर तो एकदा चालू करून दाखवावा. प्रोसेसर बसवला, नवा लेप लावला, पंखा बसवला, बटण दाबलं. हूं नाही की चूं नाही. बाहेर टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं, अंगठी घालून झाली. ज्या साखरपुड्यासाठी हा सगळा खटाटोप, तो म्हसावदमधे फक्त मी एकट्याने पाहिला नाही. पुढे शहाद्याच्या मेकॅनिकने डबा उघडला, वास घेतला आणि मला विचारलं, "सर, याच्या आत कुणाचं लग्न होतं का?"

संध्याकाळी पाहुणे गेले. मी आप्पांच्या खाटेजवळ खाली मान घालून बसलो. म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं."

आप्पा म्हणाले, "चुकना ते चुकना. माले मन्ही नात दखाले भेटनी. आन मन्हा दारवर किती लोके येतीन, तेबी दखाले भेटनं. कोनले भेटस आसं?" मग बोट उगारून म्हणाले, "पन दिलीप, एक ध्यानमा ठेव. मी खरंच जासू ना, तवय सामान लेवाले तू जाऊ नको. दुसराले धाडजो."

मला गहिवरून आलं. वाटलं, तेव्हा मला जमणार नाही, पोराला दुःख सोसवणार नाही, म्हणून म्हणताहेत. मी ओल्या डोळ्यांनी विचारलं, "का हो, आप्पा?"

"तू गया ते कोनीच येनार नही," आप्पा कूस वळवत म्हणाले. "लोके म्हनतीन, सरनी परत कॉम्प्युटर खोला व्हई!"